मदत हवी आहे: फेलोशिपच्या निबंधात 'मी' लिहायचं की 'आम्ही'?

नमस्कार मंडळी, मी गडचिरोलीत कोरची भागात एका छोट्या संस्थेत ८ वर्षं काम करते, वय ३२. काम म्हणजे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभांना जंगलावरच्या हक्काचे सामूहिक दावे भरायला मदत, मग जंगलाचा आराखडा, आणि तेंदूपत्त्याचा लिलाव ग्रामसभाच करते तर त्याचा हिशेब, रुसवेफुगवे, सगळंच.

मुख्यमंत्री फेलोशिपला वयाची अट २६, खासदारांसोबत काम करायची ती लॅम्प फेलोशिप २५ पर्यंत, म्हणजे दोन्ही गाड्या सुटल्या. चेव्हनिंग शिष्यवृत्तीचं बघितलं, पण वर्षभर मास्टर्ससाठी इंग्लंडला जायचं तर घरी लहान मुलगी आहे, जमणार नाही. मग एका मैत्रिणीने स्टॅनफर्डची फिशर फॅमिली समर फेलोज सांगितली (आधी तिचं नाव ड्रेपर हिल्स होतं, २००५ पासून चालू आहे), लोकशाही आणि विकासात काम करणाऱ्यांसाठी, फक्त ३ आठवडे, आणि प्रवास-राहणं तेच बघतात. फुकुयामा, लॅरी डायमंड वगैरे लोकशाहीचे नावाजलेले अभ्यासक शिकवतात. वाचूनच घाम फुटला.

अडलंय निबंधात. तुमच्या नेतृत्वाने काय बदललं ते लिहा म्हणे. आता आमच्याकडे निर्णय सर्वसहमतीने होतो, एकजण जरी नाही म्हणाला तरी विषय पुढच्या बैठकीला. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाची 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तुम्ही ऐकली असेलच, त्यात 'मी' कुठे बसवू? 'मी केलं' लिहिलं आणि उद्या गावात कोणी वाचून दाखवलं तर तोंड दाखवायला जागा नाही. आणि 'आम्ही'च लिहिलं तर निवडणारे म्हणतील, बाई नेमकं काय करत होती?

दुसरं, शिफारसपत्र ग्रामसभेच्या अध्यक्षांचं मराठीत घेऊन भाषांतर जोडलं तर चालतं का, की कोणी प्राध्यापकच लागतो? इंग्रजी वाचायला येतं, बोलताना अडखळते.

रानवाटा: ताई, मी अशाच एका परदेशी फेलोशिपला दोनदा नापास, तिसऱ्यांदा पास, म्हणून सांगतो. निर्णय ग्रामसभेचा असू द्या, तो 'आम्ही'च लिहा. पण त्या बैठकीआधी आठ दिवस घरोघरी कोण फिरलं? तिथे 'मी' लिहा, त्यात बढाई नाही. आणि प्रसंग एकच घ्या, मी पहिल्यांदा आठ वर्षांची जंत्री दिली होती, कोण वाचणार ती. पत्र तुमचं काम डोळ्यांनी पाहिलेल्याचंच घ्या, भाषांतराचं मात्र त्यांना आधी मेल टाकून विचारा.

साधीमाणूस: काहून घाबरता! इंग्रजी बोलायचा सराव हवा तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रविवारी मोकळी असते.

धागाकर्ती: दादा, हे डोक्यात आलंच नव्हतं. एक प्रसंग आहे. तेंदूच्या पैशाची यादी कुटुंबप्रमुखाच्या नावाने निघायची, म्हणजे पानं तोडणार बाई आणि सही नवऱ्याची. मी रात्री जेवणं उरकल्यावर बायकांसोबत बसायला लागले, चौथ्या बैठकीत त्या स्वतःच उठून बोलल्या, मी तेव्हा मागे पोरं सांभाळत होते. हे चालेल का? आणि सर्वसहमतीला नुसतं 'कन्सेन्सस' लिहिलं की त्याआधी मोडलेल्या तीन बैठका कुठेच दिसत नाहीत हो, त्याचं काय करू?