मदत हवी आहे: दवाखान्यात पीअर एज्युकेटर नेमायच्या आहेत

बुधवार पेठेजवळच्या आमच्या छोट्या दवाखान्यात एचआयव्ही प्रतिबंधासाठी वस्तीतल्याच एका ताईंना पीअर एज्युकेटर (आपल्यासारख्याच बायकांना माहिती देणारी, सोबत करणारी) म्हणून नेमायचा विचार आहे. समुपदेशक आहेत, पण तपासणीचं नाव काढलं की बायका गप्प होतात. ताईंशी मात्र जिन्यातच बोलून मोकळ्या होतात. जोखमीच्या संबंधानंतर ७२ तासांच्या आत पेपच्या (एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या) गोळ्या सुरू करायच्या, २८ दिवस चुकवायच्या नाहीत, हा पाठपुरावा त्याच नीट करतील.

अडचण गोपनीयतेची. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार, काही अपवाद सोडले तर, लेखी संमतीशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही. मग ताईंना रजिस्टर दाखवायचं का? आणि मानधन महिन्यावर द्यावं की हजेरीवर? (फुकट राबवून घेणं मला पटत नाही.)

पुण्यात कुणी हे केलंय का? संमतीपत्राचा मराठी नमुना असेल तर कृपया पाठवा.