गारपीट आणि झाडं: जाळी ताणून, उतारावर बांधा

गारांपासून वाचवायला प्लास्टिकचा कागद थेट झाडांवर अंथरा, असा सल्ला काहीजण देतात, पण तसं कृपा करून कुणी करू नका. मी एकदा केलं होतं. गारा कागदाच्या खोलगट भागात साचल्या आणि त्या ओझ्याखाली टोमॅटोची रोपं बुंध्यातून मोडली. आधाराच्या काठ्यासुद्धा वाकल्या होत्या.

त्यापेक्षा शेडनेट (सावलीसाठी वापरतात ती जाळी) किंवा बारीक छिद्रांची जाळी घ्या. शेंड्यांपासून निदान हात-दीड हात वर, ताणून आणि एका बाजूला चांगला उतार देऊन बांधा, म्हणजे गारा घरंगळून खाली पडतात. सैल जाळीला झोळ येतो आणि तिथेच ती फाटते. कुंड्या वाऱ्याच्या आडोशाला भिंतीलगत सरकवा. छोट्या रोपांवर बादली पालथी घालून वर दगड ठेवला तरी भागतं.

गारा पडून गेल्यावर मात्र झाड उपटायची घाई नको. मिरचीच्या देठावर गार लागते तिथे साल सोलून पांढरट, लांबट जखम दिसते. दोन दिवसांत तिच्या कडा तपकिरी होतात. बुरशी शिरते ती इथूनच. म्हणून पानांवरचं पाणी सुकलं की लगेच कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक, लिटरभर पाण्याला अडीच ग्रॅम, फवारा. लोंबकळणाऱ्या फांद्या धारदार कात्रीने कापा, पण नुसती फाटकी पानं राहू द्या, झाडाला अन्न तीच पुरवतात. युरिया तूर्तास नकोच, कोवळी फूट रोगाला लवकर बळी पडते. आणि बोडकं दिसतं म्हणून झाड उपटू नका हो! आठ-दहा दिवसांत पेरांपाशी हिरवे डोळे, म्हणजे नवे कोंब, फुगताना दिसतील.