२२ समान भाग म्हणजे २२ श्रुती नव्हेत

कुणीतरी म्हटलंय की सिंथमध्ये (इलेक्ट्रॉनिक स्वरवाद्यात) सप्तकाचे २२ समान भाग केले की श्रुती, म्हणजे आपल्या संगीतातली २२ सूक्ष्म स्वरस्थानं, आपोआप मिळतात. नाही हो! श्रुतींमधली अंतरं समान नसतातच, ढोबळमानानं २२, ७० आणि ९० सेंटची असतात (अख्खं सप्तक म्हणजे १२०० सेंट). समान भागांत मात्र प्रत्येक पायरी ५४.५ सेंटची.

कानानं तपासा. सर्ज एक्सटी हा फुकट सिंथ घ्या, त्यात २२ समान भागांची स्काला फाइल (स्वरांची अंतरं सांगणारी फाइल) चढवा, सा २४० हर्ट्झवर धरून ठेवा. शुद्ध पंचम ३६० वर हवा, तो येतो साधारण ३६१.५ वर. ‘सा’चा तिसरा स्वरांश (मूळ कंपनसंख्येची तिप्पट) ७२०, या पंचमाचा दुसरा (दुप्पट) ७२३, म्हणजे सेकंदाला तीन हेलकावे, आवाज तीनदा कमी-जास्त होतो. तानपुरा असा लागला तर गुरुजी उठून जातील! पण तेच हेलकावे मला जाड बेसमध्ये फार आवडतात. पंचम स्वच्छच हवा असेल तर सप्तकाचे ५३ समान भाग करा.

लयीचं म्हणाल तर साडेपाच मात्रांच्या आवर्तनासाठी ११/८ (अर्ध्या मात्रेचे ११ ठोके) लावा आणि २-२-३-४ असे खंड पाडा. किक (ड्रमचा जाड ठोका) मात्र फक्त समेवर. दर मात्रेला ठोकलीत, तर दुसऱ्या आवर्तनात ती अर्ध्या मात्रेनं सरकते आणि सम कुठे गेली तेच कळत नाही.