आठवीत गणितात ६० पैकी १४, सर म्हणतात "बघून घेऊ". पुनर्परीक्षेला बसवू का?

आठवीची_आई
मुलगा आठवीत, अनुदानित शाळा. वार्षिकला गणितात १४ पडलेत, पासिंगला २१ लागतात. सर म्हणाले ताई टेन्शन घेऊ नका, तोंडीत भरून काढतो, शाळेचा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे ना. घरचे खूश! पण हा १/२ + १/३ चं उत्तर २/५ लिहितो हो, आणि सातवीपर्यंत प्रगतीपुस्तकात ब-१. नववीत काय करणार? सरांना सांगू का की नापासच करा? नवरा म्हणतो तू जरा अतीच करतेस.

झेडपी_मास्तर
अती काही नाही. आरटीईमुळे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यामुळे, २०१० पासून आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवता येत नव्हतं, २०१९ ला कायदा बदलला आणि आपल्याकडे पाचवी-आठवीची वार्षिक २०२३-२४ पासून सुरू झाली. नापास पोराला आधी जादा शिकवायचं आणि दोन महिन्यांत पुनर्परीक्षा घ्यायची असं त्यातच आहे, मार्क वाढवून दिले की तो जादाचा तासच बुडतो. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सरांवर चिडू नका, आम्हालाही वरून विचारतात एवढी पोरं कशी गेली म्हणून.

कट्ट्यावरचा_काका
तोंडीच्या मार्कांची जादू दहावीत बघितलीच की. २०१९ ला भाषांचे तोंडीचे २० काढले तर निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला, पुढच्या वर्षी परत दिले तर ९५.३०. पोरं वर्षभरात एवढी हुशार झाली होय?

रानफूल
काका, पण आमच्याकडे आठवीत नापास झालेली पोरगी पुढच्या जूनला शाळेत दिसत नाही, घरचे स्थळं बघायला लागतात. ताई मागे लागून अभ्यास करून घेतील, सगळ्यांचं तसं नसतं. नापास करा म्हणणाऱ्यांनी आधी जादा तास कोण घेणार ते सांगावं.

आठवीची_आई
@रानफूल पटलं. अर्ज दिला आज, सर हो म्हणाले पण तास कोण घेणार ते ठरलेलं नाही. पोरगा फुगून बसलाय, जेवला नाही दुपारी. घरी मीच घेते, सुरुवात कुठून करू?

झेडपी_मास्तर
पाचवीच्या बालभारतीपासून, पीडीएफ फुकट मिळते. आधी समच्छेद, मग बाकीचं. आणि पुस्तकाला कव्हर घाला, मित्रांनी पाचवीचं बघितलं तर उघडणार नाही तो.