मदत हवी आहे: आयकरातल्या व्याज-वजावटीसाठी गृहकर्जाची पाच वर्षं मंजुरीपासून मोजायची की बँकेने दिलेल्या पहिल्या हप्त्यापासून?

पहिलंच घर, नवरा-बायको निम्मे-निम्मे मालक, दोघंही सहकर्जदार. मुद्रांक शुल्काचं मूल्य 43 लाख. मंजुरीपत्र 12 मार्च 2020 चं. लॉकडाऊन लागला आणि बँकेचा पहिला चेक बिल्डरला गेला जून 2020 मध्ये. भोगवटा प्रमाणपत्रावर तारीख 9 जून 2025.

आयकर कायदा 1961 च्या कलम 24(बी) प्रमाणे कर्ज घेतलं त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून 5 वर्षांत बांधकाम पूर्ण झालं, तर राहत्या घराला व्याजाची 2 लाखांची वजावट. नाहीतर फक्त 30,000. कायद्यात शब्द 'कर्ज घेतलं' असा आहे, 'मंजूर झालं' असा नाही. म्हणून जून 2020 धरलं तर मुदत 31 मार्च 2026, म्हणजे प्रकरण बसतं. मार्च 2020 धरलं तर 31 मार्च 2025 लाच संपली. विवरणपत्र मात्र मंजुरीची तारीख मागतं, तिथेच धाकधूक आहे. अशा प्रकरणात नोटीस आली, तर बँकेचं हप्तेवार वितरणपत्रक पुरतं का?

दुसरं: 31 मार्च 2025 पर्यंतचं ताब्याआधीचं व्याज 9 लाख. ते पाच वर्षांत समान वाटून धरायचं, म्हणून यंदा पाचवा हिस्सा 1,80,000, दोघांत प्रत्येकी 90,000. चालू वर्षाचं व्याज प्रत्येकी 1,30,000. बेरीज 2,20,000, मर्यादेबाहेर 20,000. हे 80ईईए (पहिल्या घराच्या कर्जव्याजाची जादा वजावट) मध्ये दाखवता येतील का? आधीच्या वर्षांत 80ईईए घेतलेलं नाही, त्यामुळे तेच व्याज दोनदा धरल्याचा प्रश्न नाही. दोघांचीही जुनी करप्रणाली.

प्रत्यक्ष अशी विवरणपत्रं भरलेल्यांनी कृपया कलमासकट सांगा. चुकीच्या तारखेपायी माणशी 1,70,000 ची वजावट जाते.