जर्मनी स्टुडंट व्हिसा: ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे कोणाच्या खात्यातून पाठवायचे?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. पुतणीला आखेनला मास्टर्ससाठी प्रवेश मिळालाय, सेमिस्टर ऑक्टोबरपासून. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, हातात आहे (नोव्हेंबर २०२२ पासून ते सक्तीचं झालंय, ज्यांनी काढलं नसेल त्यांनी आधी त्याच्या मागे लागा). अडलंय ते ब्लॉक्ड अकाउंटपाशी, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधी भरून तिथे गेल्यावर दरमहा ठराविकच काढता येतात त्या खात्यापाशी. महिन्याला ९९२ प्रमाणे वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून ठेवायचे. १० लाख रुपयांच्या वर पाठवलं की टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) कापतात, म्हणून निम्मे दादाच्या खात्यातून आणि निम्मे माझ्या, असा विचार आहे. काका म्हणून मी पाठवलेले चालतील का? की वडिलांच्याच खात्यातून जायला हवेत? बँकेतले साहेब रोज वेगळं सांगतात. मुंबईतून अलीकडे अर्ज केलेलं कोणी आहे का?