सगळंच लॉटरी नाहीये
काही जण म्हणतात की कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजातून (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, ट्रान्सफर म्हणजे शेवटी लॉटरीच. बर्कली आणि यूसीएलए या कॅम्पसपुरतं मान्य, पण यूसीचे सगळे कॅम्पस एकाच दावणीला बांधू नका. टॅग म्हणून एक प्रकार असतो, ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी. डेव्हिस, अर्वाइन, सांता बार्बरा, सांता क्रूझ, रिव्हरसाइड, मर्सेड या 6 कॅम्पसपैकी एकासाठी सप्टेंबरात फॉर्म टाकायचा, ठरलेले कोर्सेस नि जीपीए (ग्रेडची सरासरी) सांभाळला की ॲडमिशन पक्की, आणि बर्कलीला अप्लाय करायला तुम्ही तरीही मोकळेच. इंडियातून एफ-1 वर (स्टुडंट व्हिसावर) आलेल्यांनाही चालतं हे.

फक्त मेजर (मुख्य विषय) बघून घ्या हां, काही कॅम्पसवर कॉम्प्युटर सायन्स टॅगमध्ये येतच नाही (आपल्या लोकांना नेमकं तेच हवं असतं!). आणि काही जण ट्रान्सफरसाठी परत एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) द्यायचं काढतात, कशाला? यूसी एसएटी बघत नाही, ट्रान्सफरलाही नाही. त्यापेक्षा माझ्या भाच्याने केलं तसं पहिल्याच सेमला असिस्ट डॉट ऑर्गवर (कम्युनिटी कॉलेजचे कुठले कोर्स यूसीत धरतात ते दाखवणारी साइट) मेजरचे प्रीरिक्विझिट, म्हणजे आधी करायचे कोर्स, काढून ठेवा, कारण कॅल्क्युलस-फिजिक्स एकामागून एकच घ्यावे लागतात, ते शेवटच्या वर्षात कोंबता येत नाहीत.